पोर्टातलं कुंकू

वस्तूही माणसांसारखा मानपान धरून बसत, त्या काळातली ही गोष्ट. एका वाचनालयातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहत. त्याच्या पोटात गावातल्या आज्यांनी गायलेली शहाऐंशी गाणी होती. त्या गाणाऱ्यांपैकी आता कोणीच उरलं नव्हतं. गाण्यांची दुसरी प्रत ठेवायला नवी हार्ड डिस्क आणली, पण प्रत अर्ध्यावर आली की दर वेळी तिचा संपर्क तुटायचा.

"आजकालच्या पोरींत दमच नाही," कॉम्प्युटर म्हणाला.

"आजोबा, केबल तीनदा बदलून झाली," डिस्क म्हणाली. "तुमच्या पोर्टात कुंकू साचलंय. पडद्यावर तेवढं लिहा, ग्रंथपालबाई ब्रशनं झाडून देतील."

"माझ्या मानाचं कुंकू झाडायचं? आणि हे तू मला शिकवणार?"

"अहो, गाणी जातील!"

त्यानं पडद्यावर लिहिलं, 'डिस्क सदोष आहे.' बाईंनी डिस्क काढून कपाटात टाकली.

महिन्याभरात कॉम्प्युटर बंद पडला, तो कायमचाच. बाईंनी घाईघाईनं डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडली. चाळीस गाणी वाजली आणि एक्केचाळिसावं ओळीच्या मध्येच तुटलं. पुढे काहीच नव्हतं.

"म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत सांभाळलं हो," प्रिंटर पंख्याला म्हणाला. "ही पोरगीच कमी पडली."