पुढच्या खेपेला

फार वर्षांपूर्वी एका अवघड घाटातून मीठ वाहणाऱ्या गाढवांचा तांडा ये-जा करायचा. सगळ्यांच्या पुढे दौलत नावाचं म्हातारं खेचर चालायचं, कारण वाट त्याला एकट्यालाच ठाऊक होती. भुरकी गाढवीण दरवेळी विनवायची, "दौलतदादा, मला वाट शिकवा ना." तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला. तू आपलं ओझं सांभाळ."

एके दिवशी हेच उत्तर पुन्हा ऐकलं आणि भुरकीचं डोकं फिरलं. दौलतचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. या डोंगरात इतके पाय झिजवले आणि कधी आजूबाजूला बघितलंसुद्धा नाही! तेव्हापासून मुक्काम पडला की ती डोंगरातल्या शेळ्यांना आडवाटा विचारायची आणि स्वतः चढून बघायची. बाकीची गाढवं खिदळायची. ती दातओठ खात चढत राहायची.

मग एकदा दरड कोसळून वाट बुजली. पाणवठा पलीकडे होता आणि तांडा तहानेनं कासावीस झाला होता. दौलत ढिगाऱ्यासमोर नुसता उभा राहिला. भुरकी रांग सोडून शेजारच्या चढाला लागली, तशी सगळी गाढवं तिच्यामागे निघाली.

"अगं, मी शिकवणारच होतो तुला!" दौलत ओरडला.

"कधी?" भुरकी कडाडली.

तिचा राग काही उतरला नाही. मागून खाली मान घालून येणाऱ्या गाढवावर ती तशीच खेकसली, "मान वर कर! हे वळण नीट बघून घे. उतरताना पुढे तू चालायचंस."