बैलगाडीतून येणारं विमान

करंजगडच्या महाराजांनी विलायतेहून ग्लायडर विकत घेतलं. ते मुंबई बंदरात पोचलं, तेव्हा कारभारी विसाजीपंतांनी ते शंभर कोस दूर गडावर आणायला बैलगाड्या ठरवल्या.

महाराजांना हे गडावर पालखीतून उतरताना कळलं. ते संतापले. "विमान आणि बैलगाडीतून? लोक हसतील मला. ते उडवत आणा, नाहीतर कारभार सोडा."

"महाराज, त्याला इंजिन नसतं. दुसऱ्यांनी उंचावर नेलं, की मग ते तरंगतं."

"दुसऱ्यांनीच वाहून न्यायचं, तर त्याची थोरवी ती काय?"

विसाजीपंतांनी घाम पुसणाऱ्या भोयांकडे पाहिलं. "आपणही आत्ता तसेच वर आलात, महाराज. आपल्या थोरवीला कुणी हसलं नाही."

बैलगाड्या निघाल्या. त्या दिवशी महाराज गड पायी उतरू लागले. पहिल्याच वळणावर त्यांनी पालखी मागवली.