साळिंदराने बुजवलेली बिळे

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. बिळे खोदण्यात आणि बांध घालण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते, आणि मुलांनो, हे त्याला स्वतःलाही फार चांगले ठाऊक होते. त्या जंगलात उताराच्या पायथ्याशी एक तळे होते. दरवर्षी वैशाखात तळ्याचे पाणी अगदी तळाला जाई. म्हणून एकदा सगळे प्राणी साळिंदराकडे गेले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही एवढे हुशार. आमच्या तळ्यासाठी काहीतरी करा."

साळिंदर उतारावर चढून गेले. तिथे खेकड्यांची शेकडो बिळे होती. ओढ्याचे पाणी त्यांत गडप होताना त्याने पाहिले आणि तिथूनच ते ओरडले, "चोर सापडले! तळ्याचे पाणी हे खेकडे गिळतात!" म्हाताऱ्या खेकड्याने नांग्या जोडून विनवले, "बाळा, जरा थांब. आम्ही इथे का राहतो, ते तरी ऐक." टिटवीनेही विचारले, "दादा, बिळात गेलेले पाणी पुढे कुठे जाते, ते बघितलेत का?" साळिंदर हसले. "तुझे डोके केवढे आणि तू बोलतेस केवढे!" चार दिवसांत त्याने चिकणमातीने एकूण एक बीळ बुजवले. बिऱ्हाडे मोडलेले खेकडे मुकाट्याने पलीकडच्या ओढ्याकडे निघून गेले.

त्या पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले. पाणी थोडे गढूळ होते खरे, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. माकडांनी साळिंदराचा जयजयकार केला आणि ते काटे फुलवून काठावर मिरवले. मात्र थंडी सरली तसे पाणी भराभर उतरू लागले. तळ्याच्या तळातून बुडबुडे काढत वर येणारे झरे एकेक करून बंद पडले. चैत्र लागला आणि तळे आटले. इतक्या लवकर ते कधीच आटले नव्हते. तळाशी उरला तो उतारावरून वाहून आलेला गाळ.

आता पाण्यासाठी दूरच्या नदीवर जावे लागे, आणि त्या वाटेवर बिबट्या टपलेला असे. एक हरिणी दोन पाडसांना घेऊन नदीवर गेली. परत आली तेव्हा तिच्याबरोबर एकच पाडस होते. साळिंदर वाटेतच उभे होते. ती आपल्याला शिव्या देईल असे त्याला वाटले. पण हरिणी नुसती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही आमच्या भल्यासाठीच केलेत, दादा." ते शब्द त्याला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागले. काटे अंगाला चिकटवून ते बिळात शिरले. दोन दिवस त्याने काही खाल्ले नाही. कोणाची चाहूल लागली की ते आणखी आत सरके.

तिसऱ्या दिवशी ते पलीकडच्या ओढ्यावर गेले आणि म्हाताऱ्या खेकड्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. "आजोबा, माझ्यामुळे एक पाडस गेले. तुमची घरे गेली. झरे का आटले, ते मला सांगा."

"आम्ही पाणी पीत नव्हतो रे, जमिनीला पाजत होतो," खेकडा म्हणाला. "आमच्या बिळांतून मुरलेले पाणीच उन्हाळ्यात तळ्यात झरून यायचे."

"मला हे कसे कळले नाही?"

"तू विचारलेस कुठे?"

साळिंदर म्हणाले, "परत या, असे म्हणायला मला तोंड नाही." खेकड्याने त्याला लगेच माफ केले नाही. "आधी बिळे मोकळी कर. मग बघू," एवढेच तो म्हणाला.

साळिंदर कामाला लागले, पण या वेळी एकट्याच्या अकलेने नाही. कुठे उकरायचे ते आधी टिटवीला विचारी, कारण तिची अंडी तिथेच उघड्यावर असत. मुंग्यांना विचारी, ओल कुठवर आहे? कासवाला विचारी, कोणता झरा कुठून यायचा? बुजवायला चार दिवस लागले होते. उघडायला दोन महिने लागले. त्याची नखे झिजली. पुढच्या पावसाळ्यात तळे काठोकाठ भरले नाही, तेव्हा माकडे कुरकुरली. खेकडे मात्र हळूहळू परतले.

पुढच्या चैत्रात तळ्याच्या तळातून पुन्हा बुडबुडे येऊ लागले. माकडे नाचली, पुन्हा जयजयकार करू लागली. "माझे नाव घेऊ नका," साळिंदर म्हणाले आणि मागे सरले. सगळे पिऊन गेले, हरिणी आणि तिचे पाडसही पिऊन गेले. मग साळिंदर पाण्याशी आले. हरिणीने वळून पाहिले. तिच्याकडे बघायचे धैर्य त्याला त्या दिवशीही झाले नाही.

तात्पर्य : जे आपल्याला नुसते भोक दिसते, ती दुसऱ्या कोणाच्या पाण्याची वाट असू शकते, म्हणून काही सुधारायला जाण्यापूर्वी ते कशाकशाशी जोडलेले आहे, हे तिथे राहणाऱ्यांना विचारून घ्यावे. नंतर चूक दुरुस्त करता येते, पण झालेली हानी सगळीच भरून येत नाही.