नकाशात नसलेली खोली

"...मग माझीच खोली कशी राहिली, बुवा?"

नीळोबाबुवा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. एकादशी होती.

"नीट सांग," ते म्हणाले.

वैजनाथ सरांनी सांगितलं. तिसरीचा वर्ग. शाळेला नवा डिजिटल फळा आलेला. त्यावर सरांनी गावाचा कोरा नकाशा उघडला, दिशा दाखवल्या आणि पोरांना एकेक करून पुढे बोलावलं. बोट टेकवलं की घर उमटायचं. शाळा तपासणीला आलेले साहेब पाठ थोपटून गेले. असा धडा अख्ख्या तालुक्यात कोणी घेत नाही, हे मात्र साहेब नव्हे, सर स्वतःच म्हणाले.

"काय नाही काढलं पोरांनी? पिठाची गिरण काढली, कोंबड्यांची खुराडी काढली. तुमचा मठ गावाबाहेर टेकडीवर, तोही बरोबर पश्चिमेला! आणि शाळेमागच्या आळीतली माझी खोली तेवढी..."

"पोरांना इचारलंस?"

"विचारलं." सरांचा आवाज खाली आला. "एक मुलगी म्हणाली, ते दार तर बंदच असतंय, सर."

बुवांनी एक शेंग फोडली आणि दाणे सरांच्या हातावर ठेवले.

"दार उघडं टाकून करू काय?" सर चिडले. "दिवसभर शिकवायचं, संध्याकाळी उद्याची तयारी. चकाट्या पिटायला वेळ आहे कोणाला? आणि गावाला तरी माझी काय पडलीय! मागे तापानं फणफणलो होतो. तांब्याभर पाणी द्यायला कोणी फिरकलं नाही..."

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"उद्या द्वादशी. उपास सोडायला तुझ्याकडं येतो. वाट सांग."

सरांची कळी खुलली. या गावात आल्यापासून त्यांच्याकडे जेवायला येतो म्हणणारं हे पहिलंच माणूस. त्यांनी घाईघाईनं मोबाइल काढला.

"हे बघा, हा निळा ठिपका..."

"तोंडानं सांग."

"शाळेच्या फाटकातून उत्तरेला. मग पूर्वेला वळा. डाव्या हाताला पत्र्याची खोली."

"पत्र्याच्या खोल्या पायलीच्या पन्नास. कुणाच्या शेजारी म्हणून इचारू?"

"शेजारी एक म्हातारी आहे..."

"नाव?"

सरांनी मोबाइल खिशात ठेवला. भिंतीपलीकडून म्हातारीचा खोकला रोज ऐकू यायचा. फारच वाढला की ते कानात इअरफोन घालायचे. नाव कधी विचारलं नव्हतं.

"बरं, समोर?"

"समोर... ट्रॅक्टर उभा असतो."

"कुणाचा?"

चार दिशा, आठ दिशा, सरांना सगळं तोंडपाठ होतं. पण दारातून हाक मारावी असं एकही नाव त्यांना आठवेना. इतकं एकटं त्यांना तापातही वाटलं नव्हतं.

बुवा उठले. धोतरावरची टरफलं झटकली.

"मग पोरांनी तरी," ते म्हणाले, "तुला कुणाशेजारी काढायचं?"