फळ्यावरचे भाऊसाहेब

पर्यटन संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब नाबर यांनी स्पीडबोटीला स्वतःचंच नाव दिलं होतं. ती बोट दुरुस्तीला वैजू तारीच्या शेडमध्ये आली. वैजूने तळाचं फायबर कापून पटाशी टोचली, तर आतल्या कण्याचं लाकूड चिखलासारखं बाहेर आलं.

"लाकूड बदलावं लागेल," ती म्हणाली.

"आत कोण बघतंय?" भाऊसाहेब म्हणाले. "वरून फायबर चढव, रंग मार. रविवारी पाहुणे बसायचेत. शेड बंदरावर ठेवायची आहे ना?"

कुठल्या बोटीचं काय काम चाललंय, ते वैजू रोज शेडबाहेरच्या फळ्यावर लिहायची. दुसऱ्या दिवशी सगळं बंदर तो फळा वाचून हसत होतं: "भाऊसाहेब आतून कुजलेत. वरून रंग मारणे चालू."

भाऊसाहेब तणतणत आले. "पूस ते आधी."

"नाव तुम्हीच ठेवलंय. मी तर मान राखून 'कुजलेत' लिहिलंय. आता सांगा, नाव बदलू की लाकूड?"

भाऊसाहेबांनी गर्दीकडे पाहिलं. "लाकूड," ते पुटपुटले.

वैजूने फळा पुसला आणि नवीन ओळ लिहिली: "भाऊसाहेबांना कणा बसवणे चालू."