बाजारची काकडी

एका जंगलात, तीन पायवाटा मिळतात तिथल्या चिंचेखाली, एक खार भाजीचं दुकान मांडून बसत असे. बाळांनो, दुकान म्हणजे काय, चार पळसाची पानं आणि त्यांवर माल. पण तिचा शब्द असा की साळिंदरासारखं चिकित्सक गिऱ्हाईकही तिच्याकडची भाजी न पारखता घेऊन जाई. माल रोज नवा येतो, शब्द एकदाच कमावता येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुकानात सगळ्यांत खपाची काकडी सशाच्या मळ्यातली. सरळ, तुकतुकीत, अंगावर एक डाग नाही. दुपारच्या आत पाटी रिकामी. एखाददुसरी उरलीच तर खार ती पिलांसाठी घरी नेई. त्या उन्हाळ्यात मात्र जंगलातली पोरं एकामागून एक आजारी पडू लागली. पोटात कळा, उलट्या, गरगरणं. कुणी म्हणे ओढ्याचं पाणी बाधलं, कुणी म्हणे ऊन लागलं. माकडिणीचं पोर तर मान वर करीना. खारीचं धाकटं पिल्लूही अंथरुणाला खिळलं. त्याच्या तोंडाला चव यावी म्हणून ती बिचारी रोज काकडीच बारीक चिरून त्याला भरवत होती.

अशात एके दिवशी पुढच्या हंगामाचा माल आधीच बोलून ठेवावा म्हणून खार सशाच्या मळ्यावर गेली. ससा मोठा अगत्याचा. "या खारूताई, आज आमच्या मळ्याला पाय लागले तुमचे," म्हणत त्यानं माठातलं गार पाणी दिलं. उन्हातून आलेल्या खारीनं समोरच्या वेलाची एक काकडी तोडली आणि तोंडाला लावणार, तोच सशानं ती तिच्या हातून काढून घेतली.

"छे छे, ती नको. ती बाजारची. तुम्ही तर घरच्या."

झोपडीमागं एक चिमुकला वाफा होता. तिथल्या काकड्या वाकड्या, कुठं पिवळ्या पडलेल्या, कुठं किडीनं कुरतडलेल्या. सशानं त्यातली एक तोडली, किडका भाग कापून टाकला, मीठ लावलं आणि फोडी तिच्यापुढं ठेवल्या. "खा बिनघोर. हिला औषधाचा थेंब लागलेला नाही. आमची लेकरं हीच खातात."

खारीनं फोड हातातच धरली. "आणि बाजारचीला?"

"तिला संध्याकाळी फवारतो, सकाळी तोडतो. म्हणून तर कीड शिवत नाही. सगळेच करतात, ताई."

बांधाला औषधाचा डबा टेकवून ठेवला होता. खारीनं तो फिरवून पाहिला. वर जहाल विषाची खूण असलेला लाल त्रिकोण, शेजारी कापसाच्या बोंडाचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, फक्त कापसासाठी. काकडीचं कुठं नावही नाही. पंचायतीचा कायदा तर शेंबड्या पोरालाही पाठ होता. ज्या पिकाचं औषध त्याच पिकाला मारायचं, डब्यावर सांगितलंय तेवढंच, आणि सांगितलेले दिवस सरल्याशिवाय तोडणी करायची नाही. डब्याच्या बाजूला सशाचे हातमोजे, चष्मा आणि तोंडाला बांधायचं फडकं, सगळं धुऊन वाळत घातलेलं होतं.

"हे कशाला?" खारीनं विचारलं.

"जहाल आहे हो फार. अंगावर उडू देऊ नका, असं डब्यावरच लिहिलंय."

म्हणजे याला वाचता येत होतं. अडाण्याची चूक खारीनं पोटात घातली असती. पण यानं स्वतःच्या जिवाची ओळ नीट वाचली आणि गिऱ्हाइकाच्या जिवाची ओळ सोडून दिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा बाप एक गोष्ट सांगायचा. एक बोका दुधात ओढ्याचं पाणी घालायचा, एकदा दुधातून मासाच निघाला, सगळे पोट धरधरून हसले, बोका लाजला, संपलं. खारीनं ती गोष्ट दुकानावर कितीदा तरी रंगवून सांगितली होती. आज तिला हसू येईना. पाणी घालणारा गिऱ्हाइकाला लुबाडतो. हा तर लेकरं मारायला निघाला होता.

तिनं फोड खाली ठेवली. "उद्याची पाटी तू स्वतः घेऊन ये," एवढंच म्हणाली आणि डबा काखोटीला मारून तडक वैद्य अस्वलाकडे पळाली. विष कोणतं ते कळलं, तेव्हा कुठं अस्वलाला उतारा देता आला.

सकाळी ससा पाटी घेऊन बाजारात आला. चिंचेखाली सगळं जंगल जमलं होतं. बाजाराचा पंच म्हातारा हत्तीही येऊन उभा होता. खारीनं पाटीतली सगळ्यांत देखणी काकडी उचलली आणि सशापुढं धरली.

"खा."

ससा हसला. "हे काय, ताई. सकाळी सकाळी थट्टा."

"थट्टा तू केलीस. खा म्हणते ना."

सशानं पाटीकडं पाहिलं, हत्तीकडं पाहिलं. "नको हो. घरी लेकरं आहेत माझी."

"आणि हे काय झाडाला लागलं होतं?" खारीनं माकडिणीच्या खांद्यावर निपचित पडलेल्या पोराकडं बोट केलं. "स्वतःच्या पिलांना वेगळा वाफा. दुसऱ्यांच्या पिलांना काय, उकिरडा समजलास?"

हत्तीनं सशाचा बाजार बंद केला आणि ती पाटी ओढ्यापासून लांब, खोल खड्ड्यात पुरायला लावली. पण माकडीण जागची हलली नाही. ती खारीकडं वळली.

"पिकवली त्यानं. मला विकली तू. कधी चाखून पाहिली होतीस?"

"पाहिली होती," खार म्हणाली. "गोड लागली."

माकडीण पोराला घेऊन निघून गेली. पोरं हळूहळू सावरली. खारीच्या पानांवरचा माल मात्र कितीतरी दिवस तसाच सुकत राहिला. तिनं दुकान सोडलं नाही. आता कुणाचीही पाटी आली की ती आधी विचारते, "कोणतं औषध मारलं, कधी मारलं, आणि घरी हीच भाजी खाता का?" शेवटच्या प्रश्नाला जो अडखळतो, त्याची पाटी ती डोक्यावरून खाली उतरूच देत नाही.

तात्पर्य : जे आपल्या लेकराच्या ताटात वाढायला हात धजत नाही, ते दुसऱ्याच्या पदरात घालणं हा धंदा नव्हे, घात आहे, औषधाच्या डब्यावरचे नियम पिकवणाऱ्याइतकेच खाणाऱ्याच्याही जिवासाठी असतात, ते सगळेच्या सगळे पाळावेत.