नेत्राची पट्टी

"मग वाक्यां वायट आसत काय, बुवा?"

सिद्धेश घाडीने हे विचारलं खरं, पण उत्तराला थांबायची त्याची तयारी नव्हती. लहानपणी ज्यांच्याकडे भजन शिकला, त्या जयरामबुवांच्या पडवीत तो मोबाइल घेऊन येरझाऱ्या घालत होता. उदास माणसाला धीर देणारं अ‍ॅप त्याने बनवलं होतं. उद्या ते सगळ्यांसाठी खुलं होणार होतं आणि स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

एकच गोष्ट सलत होती. बहीण नेत्रा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झाल्यापासून ती भिंतीकडे बघत बसे. डॉक्टरांचं औषध सुरू होतं, पण बोलणं जवळपास बंद. सिद्धेशने अ‍ॅप पहिल्यांदा तिच्याच फोनवर घातलं. 'हसा, दिवस तुमचा आहे.' 'उठा, जरा चालून या.' वाक्यं अगदी पारखून घेतलेली. काल तिने तो फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. हे सगळं त्याने बुवांना आल्या आल्या सांगितलं होतं.

बुवांनी पेटी पुढे ओढली.

"गजर म्हण."

सिद्धेशला गायचं निमित्तच हवं होतं. त्याने झोकात सुरुवात केली. त्याची पट्टी बुवांना पाठ होती, तरी त्यांनी साथ धरली ती भलत्याच उंच पट्टीत. सिद्धेशने आवाज चढवला, ओढाताण केली. पेटी काही खाली येईना. दुसऱ्या ओळीला त्याचा घसा फाटला आणि तो थांबला. त्याला रागच आला.

"बुवा, ह्या काय?"

"खंयचो सूर चुकलो? दाखव."

सिद्धेशने आठवून पाहिलं. चाल तीच होती. एकूण एक सूर जागच्या जागी होता.

"सूर नाय चुकलो. पण माजी पट्टी..."



बुवांनी भात्यावरचा हात काढून घेतला.

"नेत्राक पट्टी इचारलंस?"

...

सिद्धेशने घरी फोन लावला. आईने तो नेत्राच्या कानाशी धरला. या वेळी त्याने एकही वाक्य ऐकवलं नाही. "नेत्रा, तुका काय व्हया?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिला. गप्प राहणं त्याला फार जड गेलं. पलीकडून कितीतरी वेळ नुसतं बाळाचं रडणं येत होतं.

"ह्येका कोणीतरी घेवा... माका झोपूचा आसा."

बाळ झाल्यापासून ती एका दमात इतकं बोलली नव्हती. सिद्धेशचे डोळे भरून आले. त्याने आईला बाळ उचलायला सांगितलं आणि लगेच त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. अ‍ॅप आता आधी विचारेल, मगच बोलेल. नेत्राच्या नावापुढे 'झोप' कायमचं लिहून ठेवतो. तिला रोज अंगाई वाजेल, चालायबिलायचं नावच नाही, सगळं आजच्या आज. बोलता बोलता त्याने चपला उलट्या पायांत घातल्या आणि गाडीला किक मारली.

बुवा पडवीच्या कडेपर्यंत आले.

"सिद्धू, तू घराक पोचेपर्यंत तिची पट्टी बदलतली. परत इचार."